गवंड्याचा ठेकेदार होताना: पहिलं घर अंगावर घेण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चांगल्या गवंड्यांची वानवा नाही. गोव्यात काही वर्षं राबून परत आलेला, भिंत सरळ उभी आहे का बघायचा ओळंबा आणि काटकोन धरायचा गुण्या हातात बसलेला माणूस बहुतेक गावांत भेटतो. त्यातला एखादा स्वतःच्या नावावर घर बांधायला घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या घराला अंगावर कर्ज घेऊन परत दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहतो. अशांची भिंत वाकडी नसते. दर ठरवताना माप नीट धरलेलं नसतं, किंवा खर्च पुढे आणि मालकाचा पैसा मागे अशी चाल पडलेली असते. म्हणून इथे विटा कशा लावाव्यात हे सांगितलेलं नाही, ते तुम्हाला येतं. माप, माल, मजुरी आणि कागद यांची बाजू सांगितली आहे.

हातानं राबणारा माणूस बांधकामाच्या धंद्यात किती वर जाऊ शकतो, याचं एक मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. जेनेरोसो पोप १८९१ साली दक्षिण इटलीत आर्पायझे नावाच्या खेड्यात जन्मला. १९०६ मध्ये तो अमेरिकेत उतरला आणि वाळूच्या खाणींवर मजुरांना पाणी देण्यासारख्या पडेल त्या कामाला लागला. पुढे तो ज्या वाळू-खडीच्या कंपनीत मुकादमी करत होता, ती बुडायला आली. ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकले होते, त्यांच्यापुढे तो उभा राहिला: मला कारभार करू द्या, तुमचे पैसे फेडून दाखवतो, त्या बदल्यात कंपनीत हिस्सा द्या. तो करार त्याने पाळला आणि कोलोनियल सँड अँड स्टोन ही कंपनी अखेर त्याचीच झाली. न्यूयॉर्कच्या उंच इमारतींना लागणाऱ्या वाळू-खडीचा आणि काँक्रीटचा ती मोठा पुरवठादार होती. त्याच पैशातून १९२८ साली त्याने अमेरिकेतल्या इटालियन लोकांचं वर्तमानपत्र विकत घेतलं. तो १९५० मध्ये वारला. त्याच्या राजकारणाबद्दल आणि मैत्रीबद्दल गंभीर आक्षेप आहेत, ते झाकण्याचं कारण नाही. धंद्यापुरतं बघायचं तर त्याच्या हाती दोन गोष्टी होत्या: कुठला माल कुठे, किती आणि किती वाजता लागतो याची पक्की जाण, आणि ज्यांचं देणं आहे त्यांच्यासमोर जाऊन बोलण्याची तयारी. आपल्याकडच्या नव्या ठेकेदाराला याच दोन गोष्टी लागतात.

पहिली दोन-तीन कामं फक्त मजुरीवर घ्या. माल मालकाचा, मनुष्यबळ तुमचं, दर चौरस फुटावर. यात नफा कमी दिसतो, पण सिमेंटचा भाव वाढला तर तुमचं काही जात नाही आणि तुमच्या टोळीचा खरा वेग कळतो. मालासकट काम घ्यायचं ते एका घराचा पूर्ण हिशेब वहीत बसल्यावरच.

दर शेजारच्या ठेकेदाराला विचारून ठरवू नका. त्याची टोळी वेगळी, त्याची सेंट्रिंगची (ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या तात्पुरत्या आधाराची) फळी स्वतःची, तुमची भाड्याची. पंधरवडाभर रोज संध्याकाळी लिहा: आज किती गवंडी, किती बिगारी आणि झालेलं काम किती. आतल्या गिलाव्याचं साधारण माप एका गवंड्याला दिवसाला १०० चौरस फुटांच्या आसपास येतं, पण छत, कोपरे, खिडक्यांच्या बगला यात ते निम्म्यावर घसरतं. त्या दिवसाची मजुरी भागिले झालेले फूट, हा तुमचा खरा दर. त्यावर परांची, हत्यारांची झीज, वाया जाणारे दिवस आणि तुमचा स्वतःचा पगार चढवा. स्वतःचा पगार धरत नाही तो ठेकेदार वर्षाच्या शेवटी फुकट राबलेला असतो.

मग येतो करार. शंभरातली नव्वद भांडणं चौरस फूट कुठला धरायचा इथूनच सुरू होतात. स्लॅबचं बाहेरून बाहेर माप, की भिंतीचं? बाल्कनी पूर्ण की अर्धी? जिन्यावरची खोली, सज्जे, कठडा, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कुंपण यांतलं दरात काय आणि वेगळं काय? जोत्याची उंची किती फुटांपर्यंत? एक-एक ओळ लिहा. भाषा मालकाला आणि तुम्हाला दोघांना वाचता येईल अशी ठेवा. मालक कन्नड वाचणारा असेल तर कन्नड प्रतही करा आणि दोन्हींवर सह्या घ्या. पाणी आणि वीज कोणाची हेही लिहा. अथणी-रायबागकडे एप्रिल-मेमध्ये बोअर आटतात आणि स्लॅबला पाणी मारायला टँकर आणावा लागतो. ते पैसे कोणाचे, हे मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो.

पायाच्या खोलीची ओळ सगळ्यात महागाची. बेळगाव-खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा, तर चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणीकडे पुष्कळ ठिकाणी काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला तर पहिल्या किंवा दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. मालक म्हणतो गवंडीकाम कच्चं, आणि गावभर तेच पसरतं. उपाय म्हणजे काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जाणं. काळा थर फार खोल असेल तर इंजिनिअरकडून फुगीर बुडाच्या पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) किंवा दुसरा पाया काढून घेणं. जोत्यातही काळ्या मातीचा भराव नको. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून दाबून) भरा. करारात लिहा: "खोदकाम पाच फुटांपर्यंत दरात, त्याखाली घनफुटावर वेगळं." सुरुवातीलाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांवर चाचणीचे खड्डे घ्या आणि मालकाला खड्ड्याशी उभं करून माती दाखवा. चर माणसाच्या छातीपेक्षा खोल गेला की काढलेली माती कडेपासून दीड मीटर लांब टाका. कडेला ढीग ठेवला तर दरड कोसळण्याचा धोका वाढतो.

आखणी करताना गुण्यावर विसंबू नका, तो लहान पडतो. ९, १२ आणि १५ फुटांचा त्रिकोण दोरीने धरा, मग पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजा. ३० बाय ४० च्या घराचा कर्ण बरोबर ५० फूट यायला हवा. दोन कर्णांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा आखा. ही चूक फरशीच्या वेळी भिंतीकडेला तिरके तुकडे कापताना उघडी पडते, तेव्हा दुरुस्तीला जागा नसते.

कामाला हात लावण्याआधी मालकाकडून मंजूर नकाशा आणि जागेचा उतारा बघून घ्या. ग्रामपंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) नमुना ९ आणि ११ मागतात, शहरात मालमत्तेच्या खात्याचा उतारा. हे कागद कन्नडमध्ये असतात. नाव, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा कुणाकडून तरी नीट वाचून घ्या, अंदाजाने मान हलवू नका. शेतजमीन बिनशेती न करताच बांधकाम सुरू केलं आणि ते थांबवलं गेलं, तर मालकाचं घर रखडतं, पण तुमची टोळी त्याच दिवसापासून बसून खाते.

आता माल. आपल्याकडे वाळू-खडीचा व्यवहार ब्रासमध्ये होतो, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची टेपने मोजा. १२ बाय ७ चा हौदा अडीच फूट भरला तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. मधे ढीग आणि कडेला खड्डा ही नेहमीची युक्ती आहे, म्हणून माल सपाट करूनच उंची घ्या.

ओली वाळू फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की तिचं आकारमान २५ टक्क्यांपर्यंत, बारीक वाळूचं त्याहूनही जास्त वाढतं. सरळ बाजूच्या डब्यात वाळू सैल भरा, समजा ३० सेंटिमीटर. मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. ती २४ वर आली तर फुगवटा ६ भागिले २४, म्हणजे २५ टक्के. त्या वाळूच्या चार ब्रासमध्ये खरी वाळू ३.२ ब्रासच असते. हेच मापाच्या घमेल्यालाही लागू: ओली वाळू त्याच घमेल्याने घेतली तर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि स्लॅब खालून खडीखडी दिसतो. एम सॅण्ड (दगड फोडून केलेली वाळू) घेताना काँक्रीटची वेगळी आणि गिलाव्याची वेगळी मागा. मुठीत दाबून सोडल्यावर तळहातावर पिठासारखा थर राहिला तर भुकटी जास्त आहे, गाडी परत पाठवा.

१:१.५:३ च्या (एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी) तयार काँक्रीटला दर ब्रासमागे अंदाजे २३ पोती सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी लागते. हजार फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ४१७ घनफूट. त्याला साधारण ९५ पोती, पावणेदोन ते दोन ब्रास वाळू आणि साडेतीन ब्रास खडी. बीम यात धरलेले नाहीत, ते नकाशावरून वेगळे काढा. नवे ठेकेदार इथेच चुकतात: स्लॅबचा अंदाज बरोबर, बीम विसरलेले, आणि दुपारी तीनला सिमेंट संपतं. अर्ध्यात थांबलेल्या स्लॅबचा जोड पुढे कायम पाझरतो.

लोखंडाचं वजन एका सूत्रात बसतं. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो. ८ ची सळी ०.३९५, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८९, १६ ची १.५८. बारा मीटरची १२ ची सळी १०.६७ किलो भरली पाहिजे. मानकात थोडी सूट आहे, १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के आणि त्यावर १६ पर्यंत ५ टक्के, कमी किंवा जास्त. पावती वजनाची असते आणि तुमचा हिशेब लांबीचा. सळ्या जड निघाल्या तर त्याच टनात कमी नग येतात आणि स्लॅब अडतो. गाडी उतरवताना नग मोजा, दहा सळ्या काट्यावर घाला.

खानापूर-बेळगावच्या बाजूला भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची असेल तर विटेचे आकडे वापरू नका. चिऱ्याचं माप खाणीगणिक बदलतं, म्हणून आधी दहा चिरे मोजा. दर्शनी बाजू १५ बाय ७ इंच आणि सांधा अर्ध्या इंचाचा धरला तर १०० चौरस फुटांना सुमारे १२४ चिरे, शिवाय फुटीचे पाच-सात. खाणीतून नुकताच कापलेला चिरा मऊ असतो, हवा-ऊन लागल्यावर कठीण होतो, तेव्हा तो काही आठवडे रचून ठेवून मग वापरा. गिलाव्यात जांभा सिमेंट खातो. विटेच्या सपाट भिंतीला १२ मिलिमीटरचा थर पुरतो आणि १०० फुटांना १:५ च्या मालात पाऊण-एक पोतं लागतं. जांभ्याचे खड्डे भरताना थर २० पर्यंत जातो आणि सव्वा ते दीड पोतं उडतं. मालासकट दर देताना हा फरक विसरलात तर पूर्ण घरात पंधरा-वीस पोत्यांचा फटका सहज बसतो.

स्लॅबचा दिवस हा ठेकेदाराच्या परीक्षेचा. आदल्या दिवशी टेकू तपासा: प्रत्येक टेकूच्या बुडाशी फळी, जमीन भरावाची असेल तर आधी धुम्मस. सेंट्रिंग खाली बसतं ते बहुधा बुडाची माती खचल्यामुळे. रात्री पाऊस झाला असेल तर पुन्हा बघा. सळ्यांखाली स्लॅबला २० मिलिमीटरचे, बीमला २५ चे, कॉलमला ४० चे कव्हर ब्लॉक (सळी फळीपासून दूर धरणारे छोटे ठोकळे) हवेत. दगडाचे तुकडे लावू नका, ते सरकतात आणि सळी फळीला टेकते. पुढे त्याच जागी गंज चढून पोपडे पडतात. विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे काँक्रीटआधी मालकाला दाखवून त्याचा होकार घ्या.

एका पोत्याच्या मिक्सरला एक घाणा काढायला तीन-चार मिनिटं. बीम धरून १२० पोती असतील तर सात-आठ तास, म्हणजे सकाळी सातला सुरुवात. पाणी पोत्यामागे साधारण २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरवाला काम सोपं व्हावं म्हणून पाणी वाढवतो, त्याच्याजवळ मापाची बादली आणि आपला माणूस ठेवा. जास्तीच्या पाण्याने काँक्रीटची ताकद जाते आणि वर बारीक भेगा पडतात. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारे व्हायब्रेटर दोन हवेत, एक चालू आणि एक जादा. वीज जाते, म्हणून त्यातला एक तरी पेट्रोलवर चालणारा.

त्याच दिवशी १५० मिलिमीटरचे सहा ठोकळे भरा, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी फोडायला. एम-२० चा (म्हणजे वरच्या १:१.५:३ च्या काँक्रीटचा) ठोकळा २८ दिवसांनी सुमारे ४५० किलोन्यूटन भार सोसतो. तो अहवाल पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येतो, गावात एवढं करणारे ठेकेदार थोडे असतात. पाणी साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस. वाफे करून पाणी साठवा, नुसतं शिंपडू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि पुढे २१. हे आकडे ओपीसीचे. बाजारात पीपीसीच जास्त मिळतं, तेव्हा त्यावर आणखी काही दिवस थांबा. फळीचं भाडं वाचवायला घाई करणं यासारखी धोक्याची बचत दुसरी नाही.

हंगामही हिशेबात घ्या. पाया दिवाळीनंतर, स्लॅब फेब्रुवारी-मार्चपर्यंत, बाहेरचा गिलावा मृगाच्या आत. खानापूरच्या पश्चिमेकडे पावसाळ्यात बाहेरचं काम जवळपास बंद पडतं. ते महिने कुठल्या आतल्या कामावर टोळी ठेवणार, हे मेमध्येच ठरवा.

पैशाची चाल अशी बसवा की टप्पा सुरू होण्याआधी त्याचा हप्ता हातात येईल. बयाणा १० टक्के, जोत्यासाठी २०, लिंटेलपर्यंत (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) १५, स्लॅबआधी २५, गिलावा १५, फरशी-नळकाम १० आणि चावी देताना ५. स्लॅब झाल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्या मालकाला शांतपणे सांगा, "साहेब, सिमेंटवाला आणि लोखंडवाला उधारी देतात ती माझ्या नावावर, घर तुमचं आहे." उशीर किती महाग पडतो ते बघा. समजा गवंडी ९०० रुपये, बिगारी ६००. तीन गवंडी आणि पाच बिगारी म्हणजे दिवसाला ५,७००, सहा दिवसांचे ३४,२००. मालकाने दोन आठवडे टाळलं तर ६८,४०० तुमच्या खिशातून. आठवड्याचा पगार बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गेलाच पाहिजे. तो चुकला तर सोमवारी टोळी दुसऱ्या साइटवर दिसते आणि तिला दोष देता येत नाही. उचल द्या, पण वहीत सहीने, आणि एका माणसाला दोन आठवड्यांच्या पगारापेक्षा जास्त नको. हजेरीची वही ठेकेदाराने स्वतः लिहावी. एका मालकाचा हप्ता दुसऱ्याच्या स्लॅबला वापरू नका. शक्य असेल तर प्रत्येक कामाचं बँक खातं वेगळं ठेवा.

उधारी चढलीच तर पुरवठादाराचा फोन टाळू नका. तारीख सांगा आणि त्या तारखेला अर्धे तरी पोचवा. इथली बाजारपेठ लहान आहे. एका दुकानात नाव गेलं की बेळगावच्या शहापूरपासून निपाणीपर्यंत पोचतं.

कामगारांची नोंदणी कर्नाटकच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे करून द्या. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, ही अट. ९० दिवसांचा दाखला देणं तुमच्या हातात आहे, त्यात आळस करू नका. लेबर कार्ड झालेल्या माणसाला अपघात, आजारपण, मुलांचं शिक्षण यांत मदत मिळू शकते. शिवाय प्रत्येक कामाला कामगार नुकसानभरपाईचा विमा घ्या. परांचीवरून पडलेल्या एका माणसाच्या उपचारात पूर्ण घराचा नफा जातो, आणि त्याच्या घरच्यांचं नुकसान तर त्याहून मोठं.

वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. चंदगड किंवा गडहिंग्लजला काम घेतलं तर जागा महाराष्ट्रात, तुमची नोंदणी कर्नाटकात. अशा कामाच्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) येतो, राज्यातल्या कामाचा साधा सीजीएसटी-एसजीएसटी नाही. हे दर देण्याआधी हिशेबनिसाला विचारा. तिकडचं कामगार मंडळही वेगळं, इथलं कार्ड तिथे चालेल असं धरू नका.

सरकारी कामांची घाई नको. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे ठेकेदार म्हणून सगळ्यात खालच्या वर्गात नोंदणी होते. निविदा राज्याच्या खरेदी पोर्टलवर निघतात, कागद बहुतेक कन्नडमध्ये, बयाणा रक्कम आधी भरायची आणि बिल कामानंतर. सरकारी दरपत्रकाच्या खूप खाली दर टाकून काम मिळवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे धावण्याआधी एवढंच तपासा: बिल सहा महिने आलं नाही तर टोळी चालवण्याइतकी रक्कम हातात आहे का? नसेल तर तोवर घरंच बांधा.

शेवटचे ५ टक्के मिळवायचे तर चावी देण्याआधी मालकाबरोबर घरभर फिरा. गच्चीवर चोवीस तास दोन इंच पाणी साठवून खाली ओल येते का बघा, न्हाणीघरातही तसंच. गळती बहुधा पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथे, किंवा कठडा आणि गच्चीच्या सांध्यात असते. तिथे कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटचा गोलसर भराव) काढलेला असला पाहिजे. उरलेली कामं एका कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, प्रत्येकासमोर तारीख टाका. मालकाला नळ आणि विजेच्या पाइपांचे भिंती बंद होण्याआधी काढलेले फोटो द्या. आणि एका पावसाळ्यापर्यंत गळतीची दुरुस्ती तुमच्याकडे, हे त्याच कागदावर लिहून द्या. पहिल्या पावसात बोलावणं आलं तर त्याच आठवड्यात जा.